१२३ वर्षांचा आकडा कळला, पण कारण? लिंगभाव-विषमतेचा अभ्यास करणारे नेमकं काय काम करतात

जून २०२५मध्ये वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमचा स्त्री-पुरुष तफावतीचा अहवाल आला आणि त्यातला एक आकडा सगळीकडे फिरला: सध्याच्या वेगाने गेलं तर जगात स्त्री-पुरुष समानता यायला १२३ वर्षं लागतील. १४८ देशांचा हिशेब धरून आत्तापर्यंत ६८.८ टक्के तफावत भरून निघाली आहे, असं त्यात म्हटलंय. सलग सोळा वर्षं पहिल्या नंबरावर असलेल्या आइसलँडची मजलही ९२.६ टक्क्यांपर्यंतच गेली आहे.

हे वाचून दोन प्रश्न पडतात. १२३ वर्षं मोजली कशी? आणि मुली शिकल्या, नोकऱ्या करायला लागल्या, कायदे बदलले, तरी एवढं अंतर उरलंच का?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गेल्या काही वर्षांत तफावत ज्या वेगाने कमी झाली तोच वेग पुढेही राहील असं धरून केलेला तो हिशेब आहे. वेग बदलला की आकडा बदलतो. आदल्याच वर्षी तो १३४ होता. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: हा निर्देशांक फक्त अंतर मोजतो, पातळी मोजत नाही. ज्या देशात मुलगे आणि मुली दोघांचंही शिक्षण सारखंच तोकडं आहे, त्या देशाला शिक्षणाच्या रकान्यात चांगले गुण मिळू शकतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अशा कुठल्याच निर्देशांकात सापडत नाही. ते शोधण्यात काही माणसं आपली तीस-चाळीस वर्षं घालवतात. डॉक्टर काय करतो, वकील काय करतो हे सगळ्यांना माहीत असतं. विषमतेचा अभ्यास करणारा समाजशास्त्रज्ञ म्हटलं की मात्र परिसंवादात मतं मांडणारा कुणीतरी, एवढंच डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षातलं काम फार वेगळं आहे आणि ते समजलं की वर्तमानपत्रातले आकडेही वेगळे दिसायला लागतात.

लिंगभाव म्हणजे काय आणि हा अभ्यास कुणाचा

स्त्रीचं किंवा पुरुषाचं शरीर घेऊन जन्माला येणं ही एक गोष्ट. त्या शरीराला समाज ज्या अपेक्षा चिकटवतो ती दुसरी: कुणी काय काम करावं, बैठकीत कुणी किती बोलावं, घरात कुणाचा पगार मुख्य आणि कुणाचा जोड मानावा. या अपेक्षांच्या संचाला लिंगभाव म्हणतात. शरीरं जगभर सारखीच आहेत, अपेक्षा मात्र देशागणिक आणि पिढीगणिक बदलतात. बदलतात म्हणूनच त्यांचा अभ्यास करता येतो.

मानसशास्त्रज्ञ व्यक्तीच्या मनात डोकावतो, अर्थशास्त्रज्ञ मजुरी आणि बाजार पाहतो. समाजशास्त्रज्ञाचं लक्ष व्यवस्थेवर असतं. घर, शाळा, कचेरी आणि कायदा यांच्या रचनेतून विषमता कशी तयार होते आणि कुणी मुद्दाम काही केलं नाही तरी ती टिकून कशी राहते, हा त्याचा प्रश्न. या सीमा अर्थात पक्क्या नाहीत. स्त्रियांच्या नोकऱ्या आणि मिळकतीवरच्या कामासाठी २०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन आणि या लेखात पुढे येणारे समाजशास्त्रज्ञ बरेचदा एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या बाजूंनी भिडलेले असतात.

घरकाम हे काम आहे, हे आधी दाखवावं लागलं

या क्षेत्रातलं काम कसं चालतं ते कळण्यासाठी ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकली यांच्यापासून सुरुवात करणं मला सगळ्यात योग्य वाटतं. १९७०च्या सुमारास त्या लंडनमध्ये पीएचडी करत होत्या. तेव्हाच्या समाजशास्त्रात ‘कामाचा अभ्यास’ म्हणजे कारखाना, खाण, कचेरी. ओकली यांनी विषय घेतला घरकाम. हा प्रबंधाचा विषय होऊ शकतो, हेच तेव्हाच्या प्राध्यापकांना पटवणं अवघड होतं.

१९७१मध्ये त्यांनी लंडनमधल्या ४० आयांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. सगळ्या वीस ते तीस वयाच्या, प्रत्येकीचं निदान एक मूल पाच वर्षांखालचं. निम्म्या कामगार वर्गातल्या, निम्म्या मध्यमवर्गातल्या. आठवड्याला घरकामाचे किती तास होतात याचा हिशेब लावला तर सरासरी ७७ तास निघाली. सगळ्यात कमी ४८ तास भरले ते पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या बाईचे, म्हणजे नोकरी वेगळी आणि वर हे ४८. सगळ्यात जास्त १०५.

त्यापुढची खुबी मला फार महत्त्वाची वाटते. ओकली यांनी बायकांना तेच प्रश्न विचारले जे आधीच्या अभ्यासकांनी कारखान्यातल्या कामगारांना विचारले होते: काम कंटाळवाणं वाटतं का, तुकड्यातुकड्यांत करावं लागतं का, सारखी घाई असते का. तिन्ही बाबतींत घरकाम करणाऱ्या बायकांच्या तक्रारीचं प्रमाण मोटारीच्या जुळणी-पट्ट्यावरच्या कामगारांपेक्षाही जास्त आलं. घरकाम मोजायला कामगारांसाठी बनवलेलीच पट्टी वापरल्यामुळे ‘हे काम आहे का’ हा वाद मतांपुरता उरला नाही. या शाखेतली बरीचशी कर्तबगारी अशीच दिसते. जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण कुणी मोजलेली नसते, तिला मोजण्याजोगं रूप द्यायचं.

मुलाखती घेताना ओकली यांना आणखी एक अडचण आली. पाठ्यपुस्तकं सांगत की मुलाखत घेणाऱ्याने तटस्थ राहावं, समोरच्याने उलट प्रश्न विचारला तर टाळावा. पुढे गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या अभ्यासात त्या बायका त्यांना शेकड्याने प्रश्न विचारत: बाळंतपणात नक्की काय होतं, तुम्हाला मुलं आहेत का, हे दुखणं नेहमीचं का. ‘मी फक्त प्रश्न विचारायला आले आहे’ असं म्हणून गप्प बसणं त्यांना पटेना. त्यांनी उत्तरं दिली आणि तसं का केलं ते १९८१मध्ये जाहीरपणे लिहिलं. मुलाखत कशी घ्यावी याच्या वर्गांमध्ये तो लेख आजही वाचून घेतला जातो.

वरचा मजला, खालचा मजला

ओकली यांनी तास मोजले. त्यानंतरचा प्रश्न असा की बाई नोकरीला लागली की घरातली वाटणी बदलते का? अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी या प्रश्नासाठी नोकरी करणाऱ्या सुमारे ५० जोडप्यांच्या मुलाखती घेतल्या आणि डझनभर घरांत प्रत्यक्ष जाऊन बसल्या. संध्याकाळी दार उघडल्यापासून मुलं झोपेपर्यंत कोण काय करतं ते पाहत राहिल्या. १९८९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दर पाच पुरुषांतला एकच घरकामात बरोबरीचा वाटा उचलणारा निघाला. नोकरी आणि घरकाम एकत्र धरलं तर बायका वर्षाला पुऱ्या चोवीस तासांच्या दिवसांचा एक महिना जास्त राबत होत्या, असा आधीच्या वेळेच्या सर्वेक्षणांवरून त्यांनी हिशेब मांडला.

त्यातलं एक जोडपं लक्षात राहण्यासारखं आहे. बरीच भांडणं झाल्यावर दोघांनी तोडगा काढला: वरचा मजला बायकोचा, खालचा नवऱ्याचा. दोघंही मुलाखतीत सांगत की आता आमच्यात निम्मी-निम्मी वाटणी आहे. वरच्या मजल्यावर होतं स्वयंपाकघर, जेवणाची आणि बसायची खोली, झोपायच्या दोन खोल्या, दोन न्हाणीघरं. खाली गॅरेज, अडगळ, नवऱ्याच्या छंदाची जागा आणि कुत्रा. नुसतं सर्वेक्षण केलं असतं तर या घराची नोंद ‘समान वाटणी’ अशी झाली असती. घरात जाऊन बसल्यामुळे ती तडजोड दिसली. संसार मोडू नये म्हणून दोघांनी मिळून स्वतःला सांगितलेली ती गोष्ट होती.

तीसेक वर्षांनी अ‍ॅलिसन डॅमिंजर या तरुण संशोधिकेने याच धाग्याला पुढची गाठ मारली. ३५ जोडप्यांमधल्या दोघांच्याही वेगवेगळ्या मुलाखती घेऊन तिने डोक्यात चालणाऱ्या कामाचे चार टप्पे केले: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि मग झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. मुलाचे बूट लहान व्हायला लागलेत हे लक्षात येणं पहिल्या टप्प्यातलं, नवे मापाचे निघाले की नाहीत हे पाहणं शेवटच्या. २०१९च्या तिच्या निबंधात दिसतं की निर्णय बहुतेक घरांत दोघं मिळून घेतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा जास्त करून बाईकडे असतो. नवऱ्याला ‘आम्ही सगळं मिळून ठरवतो’ असं मनापासून वाटतं आणि बायको तरीही थकलेली असते, याचा उलगडा इथे होतो. दोघंही खरंच बोलत असतात.

वेळ मोजायची म्हणजे काय करायचं

चाळीस किंवा सत्तर मुलाखतींवरून जगाबद्दल बोलता येत नाही, हा आक्षेप बरोबर आहे. म्हणून दुसरं हत्यार लागतं: वेळेच्या वापराचं सर्वेक्षण. निवडलेल्या घरांतल्या माणसांकडून आदल्या चोवीस तासांची नोंद घेतात, ठरावीक मिनिटांच्या तुकड्यांत. यात गोची अशी की माणूस एका वेळी दोन कामं करतो. स्वयंपाक करता करता मुलाचा अभ्यास घेतला तर ती नोंद कुठल्या रकान्यात? चांगल्या सर्वेक्षणात मुख्य आणि जोडीचं अशी दोन्ही कामं टिपतात. तरीही आजाऱ्याजवळ नुसतं जागं राहणं, किंवा मूल उठेल म्हणून घराबाहेर न पडणं, यातलं बरंच निसटतं.

एवढ्या त्रुटी धरूनही चित्र स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालानुसार जगात रोज १६.४ अब्ज तासांचं बिनपगारी घरकाम आणि संगोपन होतं आणि त्यातले ७६.२ टक्के तास बायकांचे असतात. दिवसाला बाईचे सरासरी ४ तास २५ मिनिटं, पुरुषाचा १ तास २३ मिनिटं. याच संघटनेने २०२४मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार घरच्यांच्या देखभालीमुळे रोजगाराबाहेर असलेल्या बायका ७०.८ कोटी आहेत, पुरुष ४ कोटी.

‘पण बायका स्वतःच तशा नोकऱ्या निवडतात ना?’

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आई झालेली बाई मध्ये काही वर्षं थांबते, अनुभव कमी पडतो, म्हणून पगार कमी. हे कितपत खरं?

मिशेल बुडिग आणि पॉला इंग्लंड यांनी अमेरिकेतल्या एका दीर्घ सर्वेक्षणाची माहिती घेतली. या सर्वेक्षणात तीच तीच माणसं वर्षानुवर्षं पुन्हा गाठून प्रश्न विचारले जातात. २००१च्या त्यांच्या निबंधात दर मुलामागे आईच्या मजुरीत साधारण ७ टक्के घट दिसते. त्यातला एक तृतीयांश भाग अनुभव कमी पडल्याने समजावता येतो. म्हणजे आक्षेप घेणारा एक तृतीयांश बरोबर आहे. उरलेल्याचं काय?

उरलेल्यात दोन शक्यता असू शकतात. एक तर आया खरोखरच कामावर कमी लक्ष देत असतील, किंवा मालक त्यांना तसं समजत असेल. सर्वेक्षणातून हे सुटं करता येत नाही, त्यासाठी प्रयोग लागतो. शेली कॉरेल आणि दोन सहकाऱ्यांनी तो केला आणि २००७मध्ये छापला. त्यांनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज तयार केले, शिक्षण-अनुभव तोडीस तोड. फरक फक्त एका ओळीचा: एका अर्जात शाळेच्या पालक-शिक्षक संघाचं काम केल्याचा उल्लेख होता, म्हणजे हिला मूल आहे हे कळावं. १९२ विद्यार्थ्यांना हे अर्ज जोखायला दिले. मूल नसलेल्या बाईला त्यांनी सरासरी १ लाख ४८ हजार डॉलर पगार सुचवला, आईला १ लाख ३७ हजार. वडिलांना मात्र मूल नसलेल्या पुरुषापेक्षा ६ हजार डॉलर जास्त सुचवले.

विद्यार्थी म्हणजे खरे मालक नव्हेत, असं कुणीही म्हणेल. म्हणून त्यांनी खऱ्या जाहिरातींना उत्तर म्हणून ६३८ कंपन्यांकडे १,२७६ अर्ज धाडले. मूल नसलेल्या बायकांना आयांपेक्षा दुपटीहून जास्त बोलावणी आली. हे अर्ज कागदावरचेच होते. कागदावरची आई उशिरा येत नाही, सुट्टी मागत नाही, लवकर घरी जात नाही. त्यामुळे इथे दिसलेला फरक तिच्या कामाचा असूच शकत नाही, तो वाचणाऱ्याच्या समजुतीचा आहे.

निवडीचा दुसरा भाग व्यवसायांचा. बायका कमी पगाराचे व्यवसाय निवडतात, की बायका आल्या की व्यवसायाचा पगार घसरतो? अमेरिकेच्या १९५० ते २००० या काळातल्या जनगणनेचे आकडे घेऊन असफ लेवानॉन, पॉला इंग्लंड आणि पॉल अ‍ॅलिसन यांनी २००९मध्ये दोन्ही शक्यता तपासल्या. शिक्षण आणि कौशल्य जमेस धरूनही दुसऱ्या शक्यतेला जास्त पुरावा सापडला. तेव्हा पगार बघून निवड करा, हा सल्ला एकेका मुलीला उपयोगी पडेल, पण सगळ्याच जणींनी तो पाळला तर त्या नव्या व्यवसायाचाही पगार घसरून अंतर तसंच राहू शकतं.

‘हे तर निसर्गानेच ठरवलंय’

मूल बाईलाच होतं, तेव्हा फटका तिलाच बसणार, असं म्हणणाऱ्यांनी देशांची तुलना पाहावी. अर्थशास्त्रज्ञ हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये ती केली. पहिल्या मुलानंतर पाच ते दहा वर्षांच्या टप्प्यावर आयांची कमाई डेन्मार्कमध्ये सुमारे २१ टक्के खाली असते आणि शेजारच्या जर्मनीत ६१ टक्के. वडिलांच्या कमाईवर दोन्हीकडे जवळजवळ काहीच परिणाम नाही. दोन्ही देशांतल्या बायकांची शरीरं सारखीच आहेत. फटका तिप्पट होण्याचं कारण शरीरात शोधून सापडणार नाही. ते पाळणाघरं, रजेचे नियम आणि ‘चांगली आई’ कशाला म्हणायचं याबद्दलच्या समजुती यांत शोधावं लागतं.

‘पुरुषांचं काय?’

खरं तर या अभ्यासाला पुरुषांशिवाय पुढे जाताच आलं नसतं. याचं उत्तम उदाहरण म्हणजे एका सिद्धान्ताची तीन पिढ्यांत झालेली तपासणी.

१९७७मध्ये रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या विक्री विभागात ३०० माणसं होती आणि त्यांत बायका २०. त्यांच्यावर सतत नजर असे, एकीची चूक सगळ्या बायकांच्या नावावर जमा होई. कँटर यांचं म्हणणं असं की हा त्रास बाई असण्याचा नाही, अल्पसंख्य असण्याचा आहे. कुठलाही गट १५ टक्क्यांखाली असला की हेच होणार.

हे खरं असेल तर बायकांच्या व्यवसायात एकटा पडलेला पुरुषही असाच होरपळला पाहिजे. क्रिस्टीन विल्यम्स यांनी नेमकं हे तपासलं. परिचारिका, प्राथमिक शिक्षक, ग्रंथपाल आणि समाजसेवक या व्यवसायांतल्या ७६ पुरुषांशी आणि २३ स्त्रियांशी त्या बोलल्या. १९९२च्या त्यांच्या निबंधात उलटंच दिसलं. बाहेरचे लोक या पुरुषांची चेष्टा करत, पण कामाच्या ठिकाणी वरिष्ठ त्यांना वर ढकलत: तुम्ही इथे कशाला, प्रशासनात या. बायकांसाठी काचेचं छत, म्हणजे बढतीच्या वाटेवरची न दिसणारी आडकाठी, तर यांच्यासाठी आपोआप वर नेणारा काचेचा सरकता जिना, असं विल्यम्स यांनी त्याला नाव दिलं.

पुढे २००९मध्ये एडिया हार्वी विंगफील्ड यांनी कृष्णवर्णीय पुरुष परिचारकांशी बोलून दाखवलं की त्यांना हा जिना मिळतच नाही. रुग्ण त्यांना सफाई कामगार समजतात, सहकारी अंतर राखतात. विल्यम्स यांनी २०१३मध्ये स्वतःच्याच कल्पनेची फेरतपासणी केली आणि तिच्या मर्यादा मान्य केल्या. या सगळ्या साखळीत कुणी कुणाला खोटं पाडायला निघालं नव्हतं. ‘अल्पसंख्य असणं’ या साध्या कारणात पुरुषाचा दर्जा मिसळला, मग वंश मिसळला आणि उत्तर दर वेळी थोडं जास्त खरं होत गेलं.

पुरुषपणाचा अभ्यास ही आता स्वतंत्र शाखा आहे. ऑस्ट्रेलियाच्या रेविन कॉनेल यांचं त्यात मोठं काम आहे. पुरुषांनी लवकर मरणं, दुखणं लपवणं, धोक्याची कामं अंगावर घेणं हे प्रश्न तिथे तितक्याच गांभीर्याने तपासले जातात.

‘हे लोक आधीच बाजू ठरवून बसलेले असतात’

या विषयात येणाऱ्या बऱ्याच जणांना अन्यायाची चीड असते, हे खरंच आहे. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्यालाही कॅन्सर नको असतो. प्रश्न इतकाच की निकाल मनाविरुद्ध आला तर संशोधक काय करतो.

परत ओकली यांच्याकडे जाऊ. गरोदरपणात सामाजिक आधार मिळाला तर बाळाची तब्येत सुधारते का, हे पाहण्यासाठी त्यांनी औषधांच्या चाचणीसारखी रचना केली. इंग्लंडमधल्या चार रुग्णालयांतल्या ५०९ गरोदर स्त्रिया घेतल्या, आधी कमी वजनाचं बाळ झालेल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीच्या तपासण्यांखेरीज सुईण घरी येऊन भेटायची, ऐकून घ्यायची. बाळांच्या सरासरी वजनात फरक पडला ३८ ग्रॅमचा. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. मुख्य अपेक्षा सिद्ध झाली नाही आणि १९९०मध्ये निकाल तसाच छापला गेला. मुलाखतींसाठी नावाजलेल्या संशोधिकेने पुढची कित्येक वर्षं अशा चाचण्या समाजविज्ञानात रुजवण्यासाठी घालवली, कारण चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टी निरुपयोगी किंवा अपायकारक ठरू शकतात हे तपासायलाच हवं, असं त्यांचं मत झालं होतं.

शिवाय निबंध छापण्याआधी त्याच विषयातले दोन-तीन जाणकार नाव न सांगता तो तपासतात. ही चाळणी निर्दोष नसली तरी आकडे आणि पद्धत उघड्यावर ठेवावी लागते, म्हणजे वीस वर्षांनी दुसरा कुणी येऊन तेच पुन्हा मोजू शकतो.

कोर्टात गेल्यावर

या ज्ञानाची सगळ्यात कठीण परीक्षा कोर्टात होते. अमेरिकेत वॉलमार्टवर पगार आणि बढतीत भेदभावाचा खटला झाला. सुमारे १५ लाख स्त्री कर्मचाऱ्यांच्या वतीने तो एकत्र चालवायचा होता. समाजशास्त्रज्ञ विल्यम बील्बी यांनी तज्ज्ञ म्हणून सांगितलं की निर्णय स्थानिक व्यवस्थापकाच्या मर्जीवर सोडण्याची कंपनीची पद्धत पाहता तिथे पूर्वग्रहाला वाव आहे. नोकरीविषयक किती निर्णय अशा पूर्वग्रहातून झाले, अर्धा टक्का की ९५ टक्के, हे मात्र त्यांना सांगता आलं नाही. २० जून २०११ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की या सगळ्या स्त्रियांची तक्रार एकच आहे असं मानता येत नाही. बील्बी यांना न सांगता आलेल्या त्या आकड्यावर निकालपत्रात बोट ठेवलेलं आहे.

इथे समजून घ्यायला हवं की बील्बी यांची ही अडचण सगळ्या शास्त्राचीच आहे. फासा खोटा आहे हे हजार वेळा टाकून सिद्ध करता येतं. पण आत्ता पडलेला सहाचा आकडा त्या खोटेपणामुळे पडला की असाच, हे कुणालाच सांगता येत नाही. समाजशास्त्रज्ञ फाशाबद्दल बोलतो, कायदा एकेका फेकीबद्दल विचारतो. तज्ज्ञाने आपल्या पुराव्याच्या किती पुढे जावं यावर अभ्यासकांमध्येही तेव्हा जोरदार वाद झाला. माझ्या मते अशा वेळी ‘इतकंच सांगता येतं’ असं म्हणणारा तज्ज्ञ खटला हरला तरी शास्त्राशी प्रामाणिक राहतो. आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या लाखो बायकांना ते उत्तर पुरत नाही, हेही तितकंच खरं.

आयुष्यभराचं काम दिसतं कसं

पीएचडीला पाच-सात वर्षं. मग विद्यापीठातल्या मोजक्या जागांसाठी मोठी चढाओढ. रोजच्या कामाचा मोठा हिस्सा कंटाळवाणा असतो: तासाभराची मुलाखत टाइप करायला चार-पाच तास, मग ओळ न ओळ वाचून खुणा करणं, सर्वेक्षणातल्या चुकीच्या नोंदी शोधणं, नैतिकता समितीची परवानगी, शिकवणं, इतरांचे निबंध तपासणं. ज्यांनी घरातलं बोलून दाखवलं त्यांची ओळख कायमची लपवून ठेवणं, ही जबाबदारी तर निवृत्तीनंतरही सुटत नाही.

आणि हे काम कधीच एकट्याचं नसतं. बुडिग आणि इंग्लंड यांनी वापरलेलं सर्वेक्षण १९७९मध्ये सुरू झालं होतं. आई होण्याआधी आणि नंतर त्याच बाईचा पगार काय होता हे त्यांना पाहता आलं, कारण वीस वर्षांपूर्वी कुणीतरी तिचं नाव यादीत घालून ठेवलं होतं आणि ती दर वेळी उत्तरं देत राहिली होती.

या वाटेला जायचं असेल तर संख्याशास्त्राला घाबरू नये आणि निदान एकदा तरी दीर्घ मुलाखतींचं काम हातून करावं. एकच हत्यार असलेल्याला वरच्या-खालच्या मजल्याचं घर तरी दिसत नाही, नाहीतर ७ टक्के तरी. विद्यापीठाबाहेरही मागणी वाढते आहे: सांख्यिकी खाती, आंतरराष्ट्रीय संस्था, कामगार संघटना, कंपन्यांचे मनुष्यबळ विभाग. ब्रिटनमध्ये २०१७पासून २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावत दरवर्षी जाहीर करावी लागते. आइसलँडच्या २०१८च्या कायद्याने तर २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी समान कामाला समान वेतन आहे, याचं प्रमाणपत्रच मिळवायला लावलं. पहिल्या कायद्यात सगळ्या बायकांचा आणि सगळ्या पुरुषांचा पगार समोरासमोर ठेवला जातो, त्यामुळे वरच्या जागांवर बायका नसल्या तरी तफावत दिसते. दुसऱ्यात एकाच तोलाच्या कामांची तुलना होते आणि वरच्या जागांचा प्रश्न बाहेरच राहतो. बातमीत दोन्ही आकडे ‘पगारातली तफावत’ याच नावाने छापून येतात आणि त्यांतला फरक सांगू शकणारी माणसं अजून फार थोडी आहेत.